चित्रावरचं नाव

जिल्ह्या हे काय माणसाचं नाव हाय? पण अहमदपुरात त्याला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली तर तो स्वतःच मागं वळून बघायचा न्हाई. ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून तोडून लातूरचा नवा जिल्हा केला, त्याच आठवड्यात हा सरजाबाईच्या पोटी आला. सुईण बाहेर येऊन म्हणली, पोरगा झाला. ओट्यावरचं कुणीतरी म्हणलं, जिल्हा झाला, जिल्हा. तेव्हापासून तेच. पाळण्यात ठेवलेलं नाव आईला आन् शाळेच्या मास्तरला सोडून कुणाला ठाऊक न्हवतं, आन् खरं सांगू का, कुणाला ते नकोच होतं. जिल्ह्या म्हणलं की जात कळत न्हाई. सगळ्यांच्या सोयीचं.

मी नीलम्मा. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा फोटो स्टुडिओ हाय. आमचे मालक शंकरप्पा वारले, लिंगैक्य झाले, तेव्हापासून मीच चालवते. माझ्या तोंडाला कुलूप न्हाई असं गल्लीतले लोक म्हणतात. म्हणू द्या. कुलूप घातलेल्या तोंडानं दुकान चालत न्हाई.

जिल्ह्या मिसरूड फुटायच्या वयात आमच्याकडं आला आन् मालकांच्या हाताखाली मिक्सिंग शिकला. मिक्सिंग म्हणजे लग्नाचं शूटिंग आणलं की ते कापायचं, जोडायचं, खाली गाणं टाकायचं, नवरा-नवरीच्या तोंडाभोवती गुलाब फिरवायचे. दिसायला किडमिडीत, बोलायला कमी, खुर्चीत बसला की दुपारच्या चहाचं सुद्धा भान न्हाई. मी चहा ठेवायची, त्यावर साय धरायची, मग मीच बोंब मारायची. तो म्हणायचा, "हाव अक्का, पितो," आन् परत पडद्याकडं.

आमच्या भागात लग्नाच्या कॅसेटीचा जीव टायटलात असतो, हे आधी समजून घ्या. पहिल्यांदा देव, मग वारलेल्या आज्या-पणज्याचा फोटो, मग नावं. आजोबा, चुलते, मामा, आत्याचे मालक, मेव्हणे, मानानं, वयानं, सगळी ओळीनं. नवरीचा चेहरा अंधारात गेला तर कुणी काही म्हणत न्हाई, पण एका मेव्हण्याचं नाव राहिलं तर कॅसेट दुसऱ्या दिवशी दुकानात परत. ती नावं गुलाबी पाटीवर यायची, एक पाटी गेली की दुसरी. शेवटच्या पाटीवर आमच्या स्टुडिओचं नाव. जिल्ह्याचं कुठंच न्हाई. मालक गेल्यावर मी त्याला एकदा म्हणलं होतं, तुझं पण टाक की रे. नको म्हणला, कॅसेट परत येईल, अक्का, तुमचं गिऱ्हाईक तुटंल. मी सोडून दिलं. त्याचं नाव त्याला नको, मी कशाला खामखा डोकं लावू?

तर दोन हजार सोळाचा उन्हाळा आला. तिकडं लातूरला रेल्वेनं पाणी आलं, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. आम्हाला अहमदपुरात टँकरचंच दर्शन. लग्नं निम्मी पुढं ढकलली गेली. जी झाली ती चार माणसांत. आडात न्हाई ते पोहऱ्यात कुठून येणार? माणसं लग्नात मोठेपणा करणार कशावर? त्यातही एक गंमत. मांडवामागं टँकर उभा असायचा, आन् तो प्रत्येक फोटोत यायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, टँकर काढून टाका, पाहुण्यात इज्जत जाते. जिल्ह्या इतक्या सफाईनं चित्र वर सरकवून टँकर बाहेर काढायचा की त्या लग्नात दुष्काळ होता हे देवाला सुद्धा कळू नये. काढून टाकण्यात त्याचा हात असा होता.

काम न्हाई, दुकान रिकामं, कूलरमध्ये टाकायला पाणी न्हाई. अशा दुपारी तो कॉम्प्युटरवर काहीतरी बघून राहिला होता. मी चष्मा लावून मागं उभी राहिले. कार्टून! चौतीस वर्षांचा घोडा, डोक्यात पांढरे केस यायला लागलेले, आन् मोठमोठ्या डोळ्यांची कार्टून बघतोय. मी म्हणलं, लाज वाटत न्हाई का रे? तर मला समजावून सांगितलं त्यानं. जपानी लोकं काढतात, ॲनिमे म्हणतात, लहान लेकरांचं न्हाई ते. आन् जगभरचे येडे लोक त्यातले तुकडे कापून आपल्या आवडीच्या गाण्यावर बसवतात आन् नेटवर टाकतात. एएमव्ही म्हणतात त्याला. पैसा मिळत न्हाई, काही न्हाई, हौस. मी म्हणलं, म्हणजे फुकटचं मिक्सिंग. त्याला ते लई आवडलं.

जपान म्हणलं की सरजाबाई खूश. त्यांच्या विहारातली मूर्ती जपानच्या लोकांनी पाठवलेली हाय असं त्या सांगतात, म्हणून जपानचं सगळंच त्यांना घरचं वाटतं. पोरगा जपानचं काम करून राहिला हे त्यांनी टँकरच्या रांगेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

आता ह्यात त्याची एक अडचण होती. त्या वेळी नेट आजच्यासारखं न्हवतं, थोडं थोडं मिळायचं, आन् एक पूर्ण भाग उतरवायचा म्हणजे सगळं संपून जायचं. मग ह्या बहाद्दरानं काय केलं? प्रत्येक कार्टूनच्या सुरुवातीला दीड मिनिटाचं गाणं असतं, ओपनिंग म्हणतात. आपल्या भाषेत टायटल. तो फक्त तेवढंच उतरवायचा. असली पन्नास कार्टूनं त्याच्याकडं होती आन् एकाचीही गोष्ट त्याला ठाऊक न्हवती. मी चेष्टा करायची, अरे जेवण परवडत न्हाई म्हणून पत्रिका वाचून पोट भरतोस व्हय? तो म्हणायचा, अक्का, सगळ्यात चांगली चित्रं ह्यातच असतात, टायटलात कुणी हात आखडता घेत न्हाई. हे मात्र खरं होतं. आमच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

गोष्ट ठाऊक नसली की माणूस आपली गोष्ट घालतो. त्यात एक लाल फितीची पोरगी होती, सारखी पळायची. जिल्ह्याच्या मते ती पाण्याला पळत होती. कधी टेकडीवरून, कधी गल्लीतून, आन् मधीच थांबून आभाळाकडं बघायची. एक म्हातारा होता, हात कपाळावर धरून ढग बघायचा. एक पोरगा रिकाम्या नदीच्या पुलावर उभा. जिल्ह्यानं असे तुकडे पन्नास टायटलांतून वेचले आन् त्याखाली आपल्या आईची ओवी टाकली. जात्यावर आता कोण दळतं, सरजाबाई टँकरच्या रांगेत बसल्या बसल्या म्हणायच्या, ती ह्यानं मोबाईलमध्ये धरली होती. मागं घागरी वाजतात, कुणीतरी भांडतंय, आन् त्यात त्यांचा तो फाटका आवाज:

घागर ठेविली रांगेत, तिला सावली माझी केली
पाण्याच्या वाटंनं बाई, सारी सकाळ माझी गेली

"सावली माझी केली" आलं की ती पोरगी थांबते आन् मान वर करते. तिच्या केसांवरून ढगाची सावली जाते. मी दोन-अडीचशे लग्नांची पाठवणी कोरड्या डोळ्यांनी बघितलेली बाई. त्या दिवशी पदर डोळ्याला लावला आन् कूलरमधून धूळ आली म्हणून कूलरला शिव्या घातल्या.

हैदराबादच्या पोरांची एक टोळी होती, ह्या कार्टूनांच्या नादातली. दरवर्षी एका हॉलमध्ये जमायची, त्या कार्टूनांची सोंगं घ्यायची आन् मोठ्या पडद्यावर हे असले व्हिडिओ लावायची. स्पर्धा. ज्याचा व्हिडिओ लागला त्याचं नाव शेवटी पडद्यावर येणार, एकट्याचं, मोठ्या अक्षरात. जिल्ह्यानं मला हे सांगितलं तेव्हा तो नखानं टेबलाचा रंग खरवडत होता. बक्षीस काय हाय विचारलं तर म्हणला, ठाऊक न्हाई. त्याला नावच पाहिजे होतं. इतक्या वर्षांत हजारो लोकांची नावं त्यानं पडद्यावर आणली, बारक्या बारक्या मेव्हण्यांची सुद्धा, आन् स्वतःचं एकदा बघायचं होतं. मला म्हणला, आईला घेऊन जाईन, मोठा पडदा हाय. नाव नको म्हणणारा हाच का तो, असं वाटलं.

पाठवला व्हिडिओ. सरजाबाईंनी पांढरं लुगडं इस्त्रीला टाकलं. विहारातल्या कार्यक्रमाला नेसतात ते. टँकरच्या रांगेत आता हैदराबादशिवाय विषय न्हाई.

मग त्या पोरांचा निरोप आला. फार गोड लिहिलं होतं. गाणं कोणत्या भाषेतलं, कोण बाई गाते, आम्ही तिघं-चौघं रडलो, असं सगळं. पण एक अडचण हाय. ओपनिंगचं फुटेज आमच्यात चालत न्हाई. कारण त्या चित्रांवर बनवणाऱ्यांची नावं आलेली असतात, पडद्यावर ते घाण दिसतं, आळशी काम वाटतं. पण तुमचा व्हिडिओ वेगळा हाय म्हणून तुमच्यासाठी नियम थोडा ढिला करतो. ह्याच टायटलांची बिननावाची प्रत कंपन्यांनीच काढलेली हाय, आम्ही पाठवून देतो. नावाचे तुकडे काढा, त्या जागी तेच बिननावाचे टाका, बस. जिल्ह्यानं उलट विचारलं, मग चित्रं काढणाऱ्यांची नावं मी शेवटी पाटीवर टाकू का? त्यांचं उत्तर, शेवटी फक्त बनवणाऱ्याचं नाव, म्हणजे तुमचं.

मला तर हसू आलं. म्हणजे दुपारभराचं काम! आन् काढून टाकण्यातला ह्याच्यासारखा उस्ताद सगळ्या लातूर-नांदेडात न्हाई. मी म्हणलं, बस आन् कर. त्यानं तुकडे मागवले. बसला. पहिला तुकडा बदलला, त्या लाल फितीच्या पोरीचा. आधी तिच्या पायाजवळ चार उभ्या ओळी होत्या जपानी अक्षरांच्या, आता स्वच्छ. चांगलं दिसत होतं, खोटं कशाला बोलू. मग त्यानं ते मागं घेतलं. परत टाकलं. परत मागं. आन् हात मांडीवर ठेवून बसला.

मी विचारलं, काय झालं?

तो म्हणला, ह्या ओळीत काय लिहिलंय ते मी विचारून घेतलं होतं अक्का. ही पोरगी ज्यानं काढली त्याचं नाव. ह्यात रंग कुणी भरला त्याचं नाव. मागचं आभाळ काढणाऱ्याचं वेगळं. रंग भरणाऱ्याचं सुद्धा लिहितात हे लोक.

मी म्हणलं, लिहू देत. त्या जपानी माणसाला काय कळणार हाय, अहमदपुरात कुणी त्याचं नाव काढलं म्हणून? आन् त्यांच्याच कंपनीनं बिननावाचं काढलंय की! तू का जिवाला लावून घेऊन राहिलास?

त्यानं खुर्ची माझ्याकडं फिरवली. मग म्हणला, "कंपनीनं काढलंच असंल, अक्का. आपल्याही दुकानानं काढलं होतं."

मला कळलं न्हाई. मग त्यानं सांगितलं. मला अर्धवट ठाऊक होतं, त्या काळी मी दुकानात बसत न्हवते. हा नवा नवा लागला तेव्हाची गोष्ट. किशनराव म्हणून मोठं घर हाय इथलं, जमीन, आडत दुकान, सोयरे-धायरे चारी तालुक्यांत. त्यांच्या थोरल्या पोराचं लग्न. जिल्ह्यानं एकट्यानं मिक्सिंग केलेलं ते पहिलं. आमचे मालक खूश झाले आन् म्हणले, टाक शेवटी तुझं नाव. त्यानं गुलाबी पाटी केली, त्यावर पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. कॅसेट गेली आन् दुसऱ्या दिवशी गड्याच्या हातानं परत आली. निरोप असा, की आमच्या वाडवडिलांची नावं ज्या पडद्यावर आली त्याच पडद्यावर हे कशाला? जातीचं नाव घेतलं न्हाई त्यांनी. घ्यायची गरज न्हवती, आडनाव लिहिलेलं होतं.

हे एवढं मला ठाऊक होतं. मालकांनी पाटी काढून कॅसेट परत धाडली, हेही. पण जिल्ह्या म्हणला, "पाटी कुणी काढली ठाऊक हाय का? मीच. मालकांना मशिनीचं जमत न्हवतं. ते म्हणले, काढ बाबा, आन् बाहेर जाऊन उभं राहिले. माझं नाव मी माझ्या हातानं कापलं, अक्का. सोपं होतं. वेगळी पाटी होती ना, कापली, मागचं-पुढचं जोडलं, कुणाला कळलं सुद्धा न्हाई. आता ज्यानं ही पोरगी काढली त्याचं कापू, आन् त्या जागी माझं लावू?"

मी चिडले. खरंच लई चिडले. अरे, तुझं नाव यायचं तर हा एकच रस्ता हाय, आन् तू त्याच्यावर काटे टाकून राहिलास! आईनं लुगडं इस्त्री केलंय! जगात सगळे असंच करतात, तूच काय राजा हरिश्चंद्र लागून गेलास? असं बरंच बोलले, काही बोलू नये तेही बोलले. तो ऐकत होता. शेवटी त्यानं हैदराबादला लिहिलं की नावं राहतील, घेत असाल तर घ्या. त्यांनी लिहिलं, वाईट वाटतं, पण नियम हाय. भांडण न्हाई, तंटा न्हाई. व्हिडिओ त्यानं नेटवर तसाच ठेवला. चार-दोन लोकांनी बघितला. एकानं लिहिलं, की ती लाल फितीची पोरगी पाण्याला बिण्याला पळत न्हाई, ती राक्षस मारायला पळते. जिल्ह्या म्हणला, असंल, पण पळते तर खरं.

आईला सांगायची वेळ आली तेव्हा त्यानं मला सोबत नेलं. भेकड कुठला. सरजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आन् एवढंच विचारलं, कुणाची नावं कापायला सांगत होते? ज्यांनी चित्रं काढली त्यांची, हा म्हणला. मग बरं केलंस, त्या म्हणल्या. असं म्हणल्या खऱ्या, पण त्या दिवशी जेवल्या न्हाईत, आन् पांढरं लुगडं घडी न मोडता पेटीत ठेवून दिलं. म्हातारीला हैदराबाद बघायचं होतं. पोराचं नाव बघायचं होतं. चांगलं केलं म्हणून वाईट वाटत न्हाई असं थोडंच असतं?

मग भादव्यात असा पाऊस झाला की मांजरा नदी भरून वाहिली, आन् जे लोक पाणी पाणी करत होते तेच पाणी शिरलं म्हणून बोंबलत होते. तुळशीचं लग्न झालं आन् तुंबलेली सगळी लग्नं एकदम बाहेर पडली. त्यातलं एक किशनरावांच्या घरचं. त्यांची शेंडेफळ लेक. उन्हाळ्यात ठरलेलं, पुढं ढकललेलं. काम आमच्याकडंच आलं. त्या घराचं एक लग्न म्हणजे त्यांच्या सगळ्या सोयऱ्यांची लग्नं. ते घर तुटलं तर आमचं दुकान निम्मं झोपणार, हे मला न सांगता कळत होतं.

शूटिंग आलं, जिल्ह्या बसला. मी त्याच्यासमोर चहा ठेवला आन् म्हणलं, ह्यात तुझं नाव टाक.

तो म्हणला, "परत येईल, अक्का."

मी म्हणलं, "येऊ दे. मी मालक न्हाई, बाहेर जाऊन उभी राहायची न्हाई."

त्यानं चहा घेतला. गरम असताना घेतला, हे मी पहिल्यांदा बघितलं. मग म्हणला, टाकतो, पण पाटीवर न्हाई टाकत. पाटी कापता येते.

व्हिडिओ तयार झाला की घरचा कर्ता माणूस येऊन टायटल तपासतो, ही आमच्याकडची रीत. किशनराव आले, थोरल्या पोराला घेऊन. म्हातारे झाले होते, पण बसणं तसंच, काठी गुडघ्यांत धरून. टायटल लागलं. एकेक नाव मोठ्यानं वाचलं, मामाच्या नावापुढं 'श्री' राहिला तो सांगितला, दोन मेव्हण्यांची जागा बदलायला लावली. सगळं बरोबर. मग पुढचं बघत राहिले. अक्षता, हार, जेवणं, आन् शेवटी पाठवणी.

पाठवणीत किशनराव रडले होते. त्या माणसाला रडताना अहमदपुरानं कधी बघितलं न्हवतं. लेकीचं डोकं छातीशी धरलंय, टोपी वाकडी झालीय, नाक लाल झालंय आन् ओठ लहान लेकरासारखे थरथरून राहिलेत. जिल्ह्यानं ते चित्र हळू केलं होतं. आन् त्या चित्रावरच, लेकीच्या पदराच्या बाजूला, पांढऱ्या अक्षरात उभं राहिलं: मिक्सिंग, संघपाल ग्यानोबा सोनकांबळे. जपानी लोक टाकतात तसं. वेगळं न्हाई, चित्राच्या आत.

"थांबव," किशनराव म्हणले.

थांबलं. ते नाव वाचून झालं त्यांचं, ओठ हलले ते मी बघितले. मग जिल्ह्याकडं न बघता म्हणले, "एवढं पूर्ण कशाला लिहिलं? जिल्ह्या लिहा की. सगळे ओळखतात."

मी तोंड उघडलं होतं. पण त्याआधी जिल्ह्या बोलला. खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

"जिल्ह्या नाव न्हाई, मालक. लोकांनी पाडलेलं हाय. माझं नाव हे हाय."

थोरला पोरगा उठायला लागला, त्याला किशनरावांनी हातानंच बसवलं. मला विचारलं, काढता येतं का हे? मी म्हणलं, येतं. पण काढणारा हात एकच हाय माझ्याकडं, आन् ते नाव त्याच हाताचं हाय, तो काढायचा न्हाई. दुसऱ्या कुणाकडं न्यायचं तर न्या, कापतील. चित्रासकट कापतील. माझा आवाज चढला न्हाई, ह्याचं मलाच नवल वाटलं.

ते बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. पडद्यावर तेच होते, लेकीच्या डोक्यावर गाल टेकलेले. नाव त्यांच्या कोपराजवळ होतं.

"परत लाव," म्हणले. परत लावलं. लेक गाडीत बसली. त्यांनी दस्ती काढून नाक पुसलं, काठी घेतली आन् उठले. दारात थांबून म्हणले, "अक्षर जरा बारीक करा."

"हाव," जिल्ह्या म्हणला. आन् केलं न्हाई.

पेन ड्राइव्ह गेला. मी रोज रस्त्याकडं डोळे लावून बसायची, त्यांच्या घरचा कुणी गडी दिसला की आधी त्याच्या हातात काय हाय ते बघायची. एक आठवडा गेला, दुसरा गेला. संक्रांतीला त्यांच्या सोयऱ्यांचं कंधारचं एक लग्न आमच्याकडं आलं, तेव्हा कुठं मी रस्त्याकडं बघायचं सोडलं. कंधारच्या पाहुण्यांनी येऊन विचारलं, ते सोनकांबळे कोण हायत, पाठवणी त्यांच्याकडूनच करून घ्यायची म्हणतात घरचे. मी जिल्ह्याकडं बोट दाखवलं. खरं सांगते, त्याला सुद्धा क्षणभर कळलं न्हाई की त्यालाच बोलावून राहिलेत.

त्याच आठवड्यात त्यानं सरजाबाईंना दुकानात आणलं. म्हातारी ते इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून आली, जशी हैदराबादलाच निघाली. मी खुर्ची दिली. त्यानं किशनरावांच्या लेकीची पाठवणी लावली आन् नावावर थांबवली. सरजाबाईंना वाचता येत न्हाई. कुठं हाय, त्यांनी विचारलं. त्यानं त्यांचं बोट धरलं आन् पडद्यावर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं, बापाच्या नावावरून, आडनावावरून. काचेवर बोटाची रेघ उमटली.

"लिहिल्यावर एवढं मोठं होतं व्हय तुझं नाव?" त्या म्हणल्या.

मग त्यांनी ते परत पहिल्यापासून दाखवायला सांगितलं. मी चहा ठेवायला आत गेले. ती काच मी बरेच दिवस पुसली न्हाई.